सोडण्याची तारीख

आमच्या तरुणपणी बडोद्यात कॉलेज सोडणाऱ्या मुलाविषयी दोन वाक्ये ऐकू येत. 'त्याने ड्रॉप घेतला' हे एक, आणि 'त्याचे शिक्षण थांबले' हे दुसरे. पहिल्या वाक्यात थोडी ऐट होती. यंदा पहिला वर्ग हुकेल अशी शंका आली म्हणून परीक्षेला न बसणारा आणि पुढच्या वर्षी तयारीनिशी उतरणारा मुलगा ड्रॉप घेई. एकाच इयत्तेची फी दोनदा भरण्याची ऐपत त्याच्या घरात असे. दुसरे वाक्य दांडिया बाजारातल्या वाड्यांत आवाज खाली आणून उच्चारले जाई आणि लगेच विषय बदलला जाई. मी त्या दुसऱ्या वाक्यातला.

१९६८ च्या जानेवारीत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मी तेव्हा विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात मिळवते तेवढे एकच होते. महिनाभर दवाखाना, मग घरची शुश्रूषा, मग एका पेढीवर वह्या लिहिण्याचे काम. कॉलेजात जाणे एके दिवशी राहिले, मग दुसऱ्या दिवशी राहिले आणि त्यानंतर जाण्याची लाज वाटू लागली. मी कुणालाही सांगून कॉलेज सोडले नाही. अर्ज केला नाही, प्राध्यापकांना भेटलो नाही, ग्रंथालयाचे पुस्तकही धाकट्या भावाच्या हाती परत पाठवले. सूरसागरच्या बाजूने जाताना समोरून कुणी ओळखीचा विद्यार्थी दिसला तर मी गल्ली बदलत असे.

मला एका न्यासाची कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. महिना चाळीस रुपये, वर्षातले दहा महिने. अट अशी होती की पदवी घेऊन नोकरी लागल्यावर ती सवडीने फेडायची. कागदावर जामीन म्हणून माझ्या मामांची सही होती. मामा बडोदे जिल्ह्यातल्या एका गावी प्राथमिक शिक्षक होते. फेब्रुवारीपासून शिष्यवृत्तीचे पैसे येणे बंद झाले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. शिकणे बंद, पैसे बंद. हिशेब संपला, अशी माझी समजूत. विसाव्या वर्षी माणसाला हिशेब फार लवकर संपल्यासारखे वाटतात.

पुढे नियतीने मला नोकरी दिली ती एका महाविद्यालयाच्या कचेरीत, आणि तीही फी आणि शिष्यवृत्तीच्या टेबलावर. सकाळच्या वर्गांना बसून वाणिज्य शाखेची पदवी मी तिथेच मिळवली आणि २००५ साली निवृत्त झालो. तीस-पस्तीस वर्षे माझ्यासमोर नादारीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, हप्त्यांची पत्रके यांच्या चळती असत. दर वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर काही नावे पटावर राहत आणि बाकावरून नाहीशी होत. शिपाई म्हणे, 'साहेब, हा मुलगा सुटीनंतर आलाच नाही.' आम्ही त्याच्या नावापुढे पेन्सिलीने खूण करून ठेवत असू, कारण शाईने काही लिहायला कागद लागतो आणि तो मुलगा कागद देऊन गेलेला नसे.

कचेरीतल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते, ती बाहेरच्याला सहसा ठाऊक नसते. जो मुलगा समोर येऊन उभा राहतो आणि 'साहेब, मला पुढे जमत नाही' असे सांगतो, त्याच्यासाठी नियमांच्या पुस्तकात काही ना काही सापडते. वैद्यकीय दाखला जोडता येतो, हप्ता रोखून ठेवता येतो, प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखता येतो. जो न सांगता जातो त्याच्यासाठी एकच कलम उरते, वसुलीचे. माझ्या काळी हाताळलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांतही वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडणाऱ्याकडून रक्कम परत मागण्याची तरतूद होती; ती वापरायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर. आम्ही ते कलम शक्य तितके टाळत असू. पण टाळण्यासाठीही एखादा अर्ज लागतोच.

मामा १९८१ साली गेले. तेराव्यानंतर मामींनी मला आत बोलावले आणि त्यांच्या पेटीतले एक पाकीट माझ्या हाती ठेवले. त्यात मनीऑर्डरच्या चौतीस पोच-पावत्या होत्या. प्रत्येक वीस रुपयांची. जून १९६८ ते मार्च १९७१. एकही महिना चुकलेला नव्हता. मी मनातल्या मनात गुणाकार केला. सहाशे ऐंशी रुपये. पहिल्या वर्षाचे चारशे आणि दुसऱ्या वर्षाच्या जून ते डिसेंबर या सात महिन्यांचे दोनशे ऐंशी. माझी सगळी शिष्यवृत्ती.

पावत्यांबरोबर न्यासाची दोन पत्रे होती. पहिल्यात जामीनदाराकडून पूर्ण रकमेची मागणी होती आणि खाली चिटणिसांनी आपल्या हाताने एक ओळ वाढवली होती, की विद्यार्थ्याने रीतसर अर्ज केला असता तर एक वर्ष मुदत देण्याचा विचार करता आला असता. दुसरे पोस्टकार्ड होते. 'आपल्या इच्छेप्रमाणे विद्यार्थ्यास कळविलेले नाही,' एवढाच मजकूर.

त्या काळात मामांचा पगार दीडशेच्या आतबाहेर असावा. त्यातून वीस रुपये. १९६८, ६९ आणि ७० या तीन दिवाळ्यांना मामा आमच्याकडे आले नाहीत. त्याआधी ते दर भाऊबीजेला येत, आईला लुगडे आणि आम्हा भावंडांना कापड आणीत. त्या तीन वर्षी 'पुढच्या खेपेस नक्की' असे पत्र तेवढे आले. आईने त्याचा अर्थ वेगळा लावला. नवरा अंथरुणाला खिळल्यावर माहेरच्यांनी पाठ फिरवली, असे ती म्हणे, आणि १९७९ मध्ये ती गेली ती हा समज मनात घेऊनच. मामांनी तिचा गैरसमज दूर केला नाही, कारण तो दूर करायचा तर माझे नाव घ्यावे लागले असते.

पाकीट मी घरी आणले आणि कपाटाच्या तळच्या खणात ठेवले. पत्नीला दाखवले नाही. मुलीला तर कधीच नाही.

त्या मुलीची मुलगी, माझी नात, अमेरिकेत जन्मली आणि वाढली. जावई २०२० च्या साथीत गेले. लेक एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते, पगार बेताचा. नात २०२२ साली कॉलेजात गेली तेव्हा आम्हाला काळजी होती ती खर्चाची, पण तिथल्या केंद्र सरकारची मदत तिला मिळाली. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या चौथ्या प्रकरणाखाली ही मदत दिली जाते. त्यात अल्प उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान असते, जे परत करावे लागत नाही, आणि सरकारी कर्ज असते, जे करावे लागते. त्याखेरीज कॉलेजने आपली एक लहानशी शिष्यवृत्ती दिली होती. पहिले वर्ष उत्तम गेले. तीस क्रेडिट, सगळी उत्तीर्ण.

२०२३ च्या ऑक्टोबरची अकरावी तारीख. पितृपंधरवडा चालू होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास फोन वाजला. नातीचा आवाज. मी घड्याळाकडे पाहिले. तिच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते.

"आजोबा, तुम्ही कॉलेजच्या ऑफिसमध्ये होतात ना? फी आणि स्कॉलरशिपचं काम करायचात?"

मी हो म्हणालो.

"मग एक विचारू? आईला सांगू नका."

हळूहळू कळले ते असे. तीन आठवड्यांपासून ती वर्गात गेली नव्हती. दिवसा झोपायची, रात्री जागायची. पाच विषय घेतले होते, पंधरा क्रेडिट. कॉलेजच्या कचेरीतून ई-पत्रे येत होती, ती तिने उघडली नव्हती. आता तिने ठरवले होते की सत्र संपेपर्यंत गप्प राहायचे, सगळ्या विषयांत नापास व्हायचे आणि मग बघायचे. 'कुणाला सांगायची लाज वाटते,' हे ती इंग्रजीत म्हणाली, पण शब्द कोणत्याही भाषेतले असले तरी तो आवाज मला ओळखता आला. सूरसागरच्या बाजूला गल्ली बदलणाऱ्या मुलाचा तो आवाज होता.

मी तिला म्हटले, "आलेली सगळी पत्रे मला पाठव. काहीही गाळू नकोस." निवृत्त माणसाच्या हाती कागद आले की त्याला जरा बरे वाटते, हे मी नाकारत नाही. दोन दिवस मी ते नियम वाचत बसलो. भाषा अवघड होती, पण कचेऱ्यांचे मन सगळीकडे सारखेच चालते, त्यामुळे तिसऱ्या वाचनाला वाट सापडू लागली.

पहिली गोष्ट कळली ती शब्दांची. आपला 'ड्रॉप' वर्षभराचा असतो. तिकडचा ड्रॉप सत्राच्या आरंभीच्या काही दिवसांतला. त्या मुदतीत विषय सोडला तर गुणपत्रकावर त्याची खूण राहत नाही. मुदत टळल्यावर सोडला तर ती माघार ठरते आणि विषयापुढे 'डब्ल्यू' हे अक्षर कायमचे बसते. त्या अक्षराने सरासरी गुण घसरत नाहीत, म्हणून मुलांना ते निरुपद्रवी वाटते. पण मदतीच्या हिशेबात तो विषय 'प्रयत्न केला, पुरा केला नाही' असा धरला जातो, आणि खरी गोम तिथे आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. सरकार सत्राची मदत सत्राच्या आरंभी देते, पण विद्यार्थी ती दिवसादिवसाने कमावतो अशी तिथली कल्पना आहे. सगळेच विषय सोडले तर सत्राच्या एकूण दिवसांपैकी जितके दिवस तो टिकला, तितक्या टक्के मदत त्याची. साठ टक्क्यांच्या पलीकडे एक दिवस जरी गेला तरी पूर्ण मदत त्याची. त्याच्या अलीकडे सोडले तर न कमावलेला भाग परत जातो. कॉलेज आपल्या वाट्याचा भाग पंचेचाळीस दिवसांच्या आत सरकारला परत करते आणि मग तीच रक्कम फीची थकबाकी म्हणून विद्यार्थ्याच्या नावावर मांडते. थकबाकी असली की पुढच्या सत्रात नाव घालण्याची अडचण. मुले इथे फसतात. त्यांना वाटते पैसे सरकारने परत घेतले, आपला काय संबंध? महिन्याभराने कॉलेजचे बिल येते तेव्हा संबंध कळतो.

मी कागद घेऊन मांडणी केली. नातीचे सत्र २१ ऑगस्टला सुरू झालेले, ८ डिसेंबरला संपणारे. एकशे दहा दिवस. पाच किंवा अधिक दिवसांची सलग सुटी असेल तर ती वजा करतात. नोव्हेंबरात त्यांच्या थँक्सगिव्हिंग सणाची पाच दिवसांची सुटी होती. उरले एकशे पाच. तिने फोन केला तो बावन्नावा दिवस, साडेएकोणपन्नास टक्के. सत्राचे अनुदान आणि कर्ज मिळून जवळपास सात हजार डॉलर होते, म्हणजे त्या दिवशी सगळे सोडले असते तर त्यातला निम्म्याहून किंचित अधिक भाग न कमावलेला ठरला असता. आणि तिने ठरवल्याप्रमाणे गप्प राहून सगळ्या विषयांत नापास झाली असती तर? तर कॉलेज प्राध्यापकांना विचारते, ही मुलगी शेवटपर्यंत येत होती का? नसेल, तर तिने न सांगता सोडले असे धरतात आणि साधारणपणे सत्राचा मध्यबिंदू ही तिची जाण्याची तारीख मानतात. म्हणजे निम्मे पैसे परत, शिवाय पाच विषयांत नापास आणि सरासरी गुणांचा चुराडा. न सांगण्याची किंमत तिथल्या नियमातही अशी वेगळी लावलेली आहे.

साठ टक्क्यांच्या पलीकडचा पहिला दिवस कोणता, हेही मी काढले. चौसष्टावा, २३ ऑक्टोबर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मला सोने सापडल्यासारखे वाटले. मी लगेच फोन केला आणि म्हणालो, "बाळ, अजून दहा दिवस कशीबशी ओढ. मग सोड. एक डॉलरही परत जाणार नाही."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पण मी वर्गात जातच नाहीये, आजोबा. नुसती तारीख ओढून काय होईल?"

मी निरुत्तर झालो. तिचे बरोबर होते. वर्गातला किंवा अभ्यासातला शेवटचा नोंदलेला दिवस धरण्याची मुभा कॉलेजांना आहे. आणि तसे नसते, तरी पैशासाठी दिवस मोजणारी युक्ती एका आजारी मुलीला शिकवणारा हा म्हातारा कोण? कारकुनाचा आनंद मध्येच ओसरला.

शिवाय एक आकडा उरलाच होता. सरकारी मदत चालू राहायची तर प्रयत्न केलेल्या क्रेडिटपैकी ठरावीक हिस्सा पुरा व्हावा लागतो. तिच्या कॉलेजात हे प्रमाण सदुसष्ट टक्के होते, आणि पुष्कळ कॉलेजांत तेवढेच असते. नातीने पंधराच्या पंधरा क्रेडिट सोडली असती तर पंचेचाळीस प्रयत्नांपैकी तीस पुरी. छासष्ट पूर्णांक सदुसष्ट शतांश टक्के. एका टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याने ती नियमाखाली जात होती. पहिल्या खेपेस बहुधा एक सत्र ताकीद देऊन मदत चालू ठेवतात. त्यानंतर मात्र आजारपण, घरातला मृत्यू, अपघात अशी कारणे दाखवून अपील करावे लागते. अपिलाला पुरावा लागतो. पुराव्याला डॉक्टर लागतो. डॉक्टरकडे जायला आधी कुणाला तरी सांगावे लागते.

त्या रात्री मी कपाटाचा तळचा खण उघडला.

इथे थोडे विषयांतर करतो, पण बडोदेकराला ते विषयांतर वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी असा करार. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, तिथे स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. इथे आल्यावर या शहराने त्यांना राहायला जागासुद्धा दिली नाही, ती शरम आपल्या वाट्याची आहे आणि सयाजीबागेजवळची संकल्पभूमी तिची आठवण देते. काही दिवसांतच त्यांनी बडोदे सोडले. पण मला त्या रात्री आठवली ती वेगळीच बाब. लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते परत गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. त्या माणसाशी माझी किंवा नातीची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. मी फक्त एका कारकुनाच्या नजरेने पाहतो. पैसा संपला होता, पण तो परवानगीचा कागद हाती होता, आणि विद्यापीठाच्या बाजूने दार उघडे होते.

दुसऱ्या दिवशी मी नातीला मामांची गोष्ट सांगितली. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. पावत्या एकेक करून फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. तिला मराठी नीट वाचता येत नाही, म्हणून पोस्टकार्ड मी वाचून दाखवले आणि मग त्याचा अर्थ सांगितला. चिटणिसांची ती वाढवलेली ओळही वाचली. मध्येच माझा आवाज गेला. ती काही बोलली नाही. शेवटी तिने विचारले, "त्यांनी तुम्हाला का नाही सांगितलं?"

मी म्हटले, "मी तरी कुठे सांगितलं होतं?"

त्यानंतर तिने आईला उठवले. रात्रीचा दीड वाजला होता तिथे.

पुढचे मला लेकीकडून कळले. दोघी मिळून आधी कॉलेजच्या आरोग्य केंद्रात गेल्या आणि मग आर्थिक मदतीच्या कचेरीत. तिथल्या बाईंनी तास दीड तास बसून सगळे विषय समोर मांडले. त्यांनी सुचवले ते मला दोन दिवस डोके खपवूनही सुचले नव्हते, कारण मी 'सगळे धरायचे की सगळे सोडायचे' याच पेचात होतो. पाचांपैकी दोन विषयांचे प्राध्यापक उशिरा काम घ्यायला तयार झाले. ते दोन ठेवायचे आणि तीन विषयांतून रीतसर माघार घ्यायची. काही विषय चालू असले की सगळे सोडल्याचा तो दिवसांचा हिशेब लागूच होत नाही. पाचही वर्गांत तिने सुरुवात केलेली असल्याने आणि नोंदणी गोठवण्याची तारीख मागे पडलेली असल्याने पेल अनुदानाला धक्का लागला नाही. सहा क्रेडिट म्हणजे अर्धवेळ विद्यार्थी, त्यामुळे कर्जफेडीचा काटाही फिरू लागला नाही. अर्धवेळाच्याही खाली गेले की सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. पंचेचाळीसपैकी छत्तीस पुरी, म्हणजे ऐंशी टक्के.

सगळेच वाचले असे नाही. कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीला वर्षाकाठी चोवीस क्रेडिटची अट होती आणि सहा नि पंधरा मिळून एकवीसच होत होती. उरलेल्या तिनांसाठी तिला उन्हाळ्यात एक विषय घ्यावा लागला. त्याची फी मी माझ्या मुदतठेवीतून पाठवली. बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने अर्जावरचा हेतू विचारला तेव्हा मी 'शिक्षण' असे लिहिले. मामांचे फिटले असे मी म्हणणार नाही. ते पैसे शिक्षणासाठी नव्हते, शिक्षण सोडलेल्यासाठी होते. ठेव मोडल्याचे पत्नीच्या लक्षात आले आणि तिने चौकशी केली. तेव्हा तिलाही पाकीट दाखवले. ती बराच वेळ पावत्या चाळत राहिली आणि म्हणाली, "आईंना हे कळायला हवं होतं."

आपल्याकडेही आता वारे बदलते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या पत्रकाने प्रवेश रद्द करणाऱ्याला फी किती टक्के परत द्यायची याचे टप्पे तारखांवर बांधले. प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मध्येच थांबून पुन्हा येण्याची सोय मान्य केली, क्रेडिट साठवण्याची बँक २०२१ मध्ये आली. कागदावर चांगलेच आहे. पण दिवाळीनंतर न आलेल्या मुलाच्या नावापुढे आजही कुणी तरी पेन्सिलीने खूण करीत असेल, असे मला वाटते.

नातीची पदवी एक सत्र लांबली. औषधे चालू होती, मग कमी झाली, मग बंद झाली. त्या वर्षीच्या जानेवारीत तिने नव्या सत्राचे विषय निवडले आणि कुणी न विचारता मला एक यादी पाठवली: खूण न राहता विषय सोडण्याची शेवटची तारीख, माघारीची शेवटची तारीख, साठ टक्के पूर्ण होण्याचा दिवस. तो तिसरा आकडा तिने स्वतः काढला होता आणि एका दिवसाने चुकला होता. मधली वसंत ऋतूची सुटी वजा करताना तिने एक रविवार विसरला. मी दुरुस्त करून कळवले. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या तिन्ही तारखा मी लाल शाईने लिहिल्या. त्यातली एक नेमकी संकष्टीच्या चौकटीत आली, आणि घरी येणाऱ्या बायका चंद्रोदय पाहायला वाकल्या की विचारतात, हे काय लिहिलंय?